कोणती वृत्ती सोडावी?

परमार्थाची वाट चालणाऱ्याला प्रपंचातले प्रश्न विचारू नयेत, असा एक समज आपल्यामध्ये आहे. अनुभव मात्र उलटा आहे. कीर्तनकाराला मुक्तीविषयी विचारणारे फार थोडे. कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून होतो, मंडळी पांगतात, आणि मग खांबाच्या आडोशाला थांबलेला एखादा मनुष्य हळूच पुढे येऊन जे विचारतो ते मुलीच्या लग्नाचे, भावाच्या वाटणीचे, नाहीतर नोकरीचे असते. त्यातही नोकरीचा प्रश्न अलीकडे पालटला आहे. पूर्वी लोक विचारीत, ‘महाराज, पोराला नोकरी लागेल काय?’ आता लागलेली पोरेच येऊन विचारतात, ‘महाराज, सोडू काय?’

२०२२ सालच्या आषाढीची गोष्ट. साथीमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे पायी वारी घडली नव्हती, म्हणून त्या वर्षी माउलींच्या सोहळ्याला माणूस मावत नव्हता. आमच्या दिंडीतल्या एका जुन्या वारकऱ्याचा नातू पुण्यापासून सासवडपर्यंत आमच्याबरोबर चालला. आजोबा आता नाहीत. त्यांचे टाळ मुलाच्या गळ्यात होते. दिवे घाट चढताना तो काही बोलला नाही. सासवडला, म्हणजे सोपानकाकांच्या गावी, मुक्कामावर पाय धुऊन बसलो, तेव्हा तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “महाराज, नोकरी सोडावी म्हणतो.”

मी म्हटले, “काय काम करतोस, बाळ?”

तो म्हणाला, “संगणकाची कंपनी आहे. परदेशातल्या एका मोठ्या दुकानाचा कारभार यंत्रावर चालतो. ते यंत्र रात्री बंद पडू नये म्हणून आम्ही जागे असतो. पडद्यावरचे दिवे हिरवे आहेत तोवर काही करायचे नाही. तांबडा झाला की धावपळ.”

“म्हणजे रखवालदारी.”

तो हसला. “तसेच म्हणा.”

“पगार वेळेवर मिळतो?”

“मिळतो. गावात सांगितला तर कुणाचा विश्वास बसणार नाही इतका मिळतो.”

“मग दुःख काय आहे?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दुःख असे काहीच नाही, महाराज. तेच तर आहे. काहीच नाही. सहा वर्षे झाली. सकाळी घरी येतो तेव्हा रात्री काय केले हे आईला सांगता येत नाही. चित्त कशात नाही.”

वाचकहो, अशा प्रश्नाला आम्हा कीर्तनकारांजवळ एक तयार उत्तर असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, आपल्याबरोबर जन्मलेले कर्म सदोष दिसले तरी टाकू नये, कारण अग्नीला जसा धूर तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेला असतोच. हे सांगावे, माथ्यावर हात ठेवावा आणि घरी पाठवावे. मीही तोंड उघडले होते. परंतु त्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहिले आणि मला माझाच वजनकाटा आठवला. तोंड मिटले. म्हटले, “उद्या सकाळी बोलू. आज झोप.” आणि रात्रभर मला झोप नाही.

तो वजनकाटा काय, ते आता सांगितले पाहिजे. हे मी आजवर कीर्तनात खरे सांगितलेले नाही.

पाठशाळेत काव्य, व्याकरण आणि थोडा वेदान्त झाला, पुढे आळंदीस राहून कीर्तनाचे शिक्षण झाले. परंतु नव्या कीर्तनकाराच्या बिदागीवर घर चालत नाही. १९८५ साली एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर हंगामी कारकून म्हणून लागलो. उसाने भरलेली गाडी काट्यावर येई, तिचे वजन लिहायचे. गव्हाणीत ऊस पडला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येई, तिचे वजन लिहायचे. वजाबाकी राहील तो शेतकऱ्याचा ऊस. पावती फाडून हातात द्यायची. एवढेच काम. पहिल्याच महिन्यात कळले की काटा खरा नाही. तो किती हलका ठेवायचा ते वर ठरते. शेजारचा कारकून म्हणे, ‘अहो बुवा, आपण कुठे चोरी करतो? आपण दिसते तेवढेच लिहितो.’ दोन महिन्यांनी मीही तसेच म्हणू लागलो.

आणि रात्री काय? रात्री आसपासच्या गावांत कीर्तन. त्या हंगामात मी तुलाधाराचे आख्यान पुष्कळदा लावीत असे. शांतिपर्वातली ही कथा आपल्याला ठाऊक आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चळ उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे बांधले, पिल्ले वाढून उडून गेली तरी तो हलला नाही. मग त्याला अभिमान झाला. तेव्हा आकाशवाणी झाली की तुझ्यापेक्षा काशीचा तुलाधार वाणी थोर आहे. जाजली जाऊन पाहतो तो हा दुकानात बसून माल तोलतो आहे. त्याचे थोरपण एवढेच की त्याची तागडी सर्व प्राणिमात्रांना सारखी होती. हे मी रंगवून सांगत असे. दिवसा खोटा काटा, रात्री खरी तागडी!

एके रात्री कीर्तन झाल्यावर एक म्हातारा शेतकरी पाया पडला आणि म्हणाला, ‘महाराज, असा काटा आमच्या नशिबी कुठला?’ त्याच दिवशी दुपारी त्याची बैलगाडी माझ्या काट्यावरून गेली होती, पावती मीच दिली होती. त्याने मला ओळखले नव्हते, की ओळखूनच बोलला, ते मला आजतागायत कळले नाही. घरी आलो, जेवलो नाही. परंतु त्या रात्रीही मी नोकरी सोडली नाही, हे इथे लिहून ठेवले पाहिजे.

सोडली ती १९८८ साली, तिसऱ्या हंगामात. कायम करण्याच्या लोकांची यादी लागली, तीत माझे नाव नव्हते. माझ्यामागून लागलेल्याचे होते. विचारायला गेलो तर साहेब चार माणसांदेखत म्हणाले, ‘बुवा, तुम्ही आपले टाळ कुटा.’ दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आणि महिन्याभरातच कीर्तनात सांगू लागलो की, खोटा काटा सहन झाला नाही म्हणून या दासाने नोकरीवर पाणी सोडले. लोक माना डोलवीत. बाया डोळे पुशीत. वीस वर्षे मी हे सांगत होतो, आणि सांगता सांगता मलाही ते खरे वाटू लागले होते.

मग एका चातुर्मासात अठराव्या अध्यायावर प्रवचने करण्याचा योग आला. तिथे भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. नेमून दिलेले कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. हे कष्टाचे आहे, देहाला त्रास होतो, या भयाने टाकणे हा राजस त्याग, त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. आणि कर्म करीत असताना त्यातली आसक्ती व फळाची आशा टाकणे हा सात्त्विक त्याग. हे श्लोक लहानपणापासून पाठ होते. परंतु त्या दिवशी निरूपणाची तयारी करताना मनात सहज एक प्रश्न आला, आणि पोथी तशीच मिटून बसलो. प्रश्न असा, की त्या यादीत माझे नाव असते तर? साहेबांनी पाठीवर हात ठेवून ‘बुवा, तुमच्यामुळे काटा चालतो’ असे म्हटले असते तर?

मी राहिलो असतो. खोटा काटा मला आणखी तीस वर्षे सहन झाला असता.

संस्कृतात ‘वृत्ती’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. पोट भरण्याचे साधन ती वृत्ती, आणि चित्तात उठणारा तरंग तीही वृत्तीच. पाठशाळेत गुरुजींनी हे सांगितले तेव्हा आम्ही दोन्ही अर्थ वहीत लिहून पाठ केले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात चाकरीला कुत्र्याची वृत्ती म्हटले आहे, तेही त्यांनीच शिकवले. ते स्वतः संस्थेचे पगारी नोकर होते, आणि पगाराला उशीर झाला की व्याकरणाचा पाठ फार कडक होई. आम्ही मुले हसत असू. दोन अर्थ पाठ झाले, पण दोन्हींचा संबंध काय, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. १९८८ साली माझी एक वृत्ती सुटली, दुसरी तशीच राहिली. काटा सुटला, पण दुखावलेला मान माझ्याबरोबर निघाला आणि कीर्तनात येऊन वीणेशेजारी उभा राहिला. अमक्याला बिदागी किती, सप्ताहाच्या पत्रिकेवर कुणाचे नाव वर, काल्याचे कीर्तन कुणाला दिले, हा जो काटा मी पुढे वीस वर्षे चालवला तो कारखान्यातल्या काट्याहून काही कमी खोटा नव्हता.

आणि त्या पहिल्या काट्याचे काय झाले? माझ्या जागी दुसरा बसला. शेतकऱ्याचे नुकसान एका गुंजेनेही कमी झाले नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत अधिकारावर असताना दुष्काळ पडला. पुढे काय होईल हे ठाऊक असून त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली आहे. मला कोठार उघडायचे नव्हते. ‘बाबा, रस्त्यावरच्या दुसऱ्या काट्यावर एकदा गाडी तोलून घे,’ एवढे त्या म्हाताऱ्याच्या कानात सांगायचे होते. तेही झाले नाही. तेव्हा ती नोकरी सोडणे बरोबर होते, पण ज्यासाठी सोडली ते बरोबर नव्हते, आणि सोडण्यापूर्वी जे करायला हवे होते ते मी केले नाही.

हे सारे रात्री मनात फिरत होते. सकाळी त्या मुलाला कऱ्हेच्या काठी घेऊन बसलो आणि म्हटले, “मी तुला सोड म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही. तीन प्रश्न विचारतो. उत्तर मला दे, पण खरे दे.”

पहिला प्रश्न : “उद्या तुझा पगार दुप्पट केला आणि साहेब चार माणसांत तुझी वाहवा करू लागला, तर राहशील काय?”

या प्रश्नाने राजस त्याग उघडा पडतो. अर्जुनाचेच पहा. रणावर त्याने धनुष्य खाली ठेवले आणि म्हणाला, यापेक्षा भिक्षा मागून खाल्लेली बरी. शब्द वैराग्याचे होते, पण आत शोक होता. म्हणून भगवंतांनी त्याला भिक्षेला जाऊ दिले नाही. ज्याला कर्माचा खरा वीट आला आहे त्याला मान आणि मोल वाढवून दिले तरी तो वीट जात नाही. ज्याचा वीट मानाने जातो त्याचे दुखणे कर्मात नसून दुसरीकडेच आहे, त्याने त्या दिवशी राजीनामा लिहू नये.

तो म्हणाला, “दुप्पट दिला तर वर्षभर राहीन, महाराज. मग पुन्हा हेच.”

हे उत्तर मला आवडले. त्यात फसवाफसवी नव्हती.

दुसरा प्रश्न : “तुझे काम उत्तम झाले, तर त्याने कुणाचे वाईट होते काय?”

काम वाईट झाल्याने नुकसान होते, ते तर सगळीकडेच. परंतु काही कामे अशी असतात की ती जितकी चोख करावी तितके कुणाचे तरी घर बुडते. माझा काटा तसला होता. तिथे ‘सदोष असले तरी टाकू नये’ हे वचन लागू नाही. कौरवांच्या एकाच दरबारात भीष्म होते आणि विदुर होता. दोघांनाही अधर्म दिसत होता. युद्धाच्या आरंभी धर्मराज नमस्काराला आले, तेव्हा भीष्मांनी कबूल केले की कौरवांच्या द्रव्याने आपण बांधलेलो आहोत. एवढा मोठा पुरुष, पण अन्नाचे बंधन तुटले नाही. विदुर मात्र निघाला. भागवताच्या तिसऱ्या स्कंधाच्या आरंभी ही कथा आहे. आणि पहा, विदुरही अपमानाच्याच दिवशी निघाला! दुर्योधनाने भर सभेत त्याला दासीचा पुत्र म्हणून हाकलले. मग माझ्यात आणि त्याच्यात भेद कोणता?

भेद असा. विदुर त्या दिवसापर्यंत प्रत्येक वेळी सत्य बोलत आला होता, लाक्षागृहाच्या वेळी, द्यूताच्या वेळी. आपल्याकडून करण्यासारखे काही त्याने शिल्लक ठेवले नव्हते. अपमान हे निमित्त झाले, कारण नव्हे. आणि जाताना त्याने आपले धनुष्य दारात ठेवले. ते घेऊन पांडवांकडे जाता आले असते, सूड घेता आला असता. तो धनुष्य ठेवून तीर्थयात्रेला गेला. मी मात्र माझे धनुष्य बरोबर घेऊन निघालो आणि वीस वर्षे कीर्तनात चालवीत राहिलो. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाने दारात थांबून पाहावे की धनुष्य खाली ठेवले आहे की खांद्यावर आहे.

मुलगा म्हणाला, “माझ्या कामाने कुणाचे वाईट होत नाही. दुकान चालू राहते, लोकांना माल मिळतो.”

“मग ते काम अधर्माचे नाही. घाई नाही. आता तिसरे. तुझ्या पगारावर कोण जेवते आणि तू कुणाचे देणे लागतोस?”

त्याची आई, शिकणारी बहीण आणि वडिलांच्या आजारपणात काढलेले कर्ज. ते फिटायला आणखी वर्ष-सव्वा वर्ष लागणार होते.

इथे तुकोबारायांचे स्मरण करावे. त्यांनी व्यवहार सोडला हे आपण सांगतो, कसा सोडला ते सांगत नाही. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, हे खरे. परंतु चरित्रकार सांगतात की आधी त्यांनी वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते त्यांच्या हाती दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याचे बुडवून मिळवलेले वैराग्य त्यांनी मानले नाही. आणि सोडले ते काय? लोकांकडचे आपले येणे सोडले. आपले देणे सोडले नाही. आपण नेमके उलटे करतो.

आता कुणी शंका घेईल की, बुवा, गीतेत तर सहज कर्म टाकू नये असे स्पष्ट सांगितले आहे, मग नोकरी सोडण्याचा विचार तरी कशाला? ही शंका योग्य आहे. तिचे समाधान असे. सहज म्हणजे आपल्याबरोबर जन्मलेले. आता या मुलाची रात्रपाळी त्याच्याबरोबर जन्मली आहे काय? ती परीक्षा देऊन, मुलाखत देऊन मिळालेली आहे, कंपनीच्या मनात आले तर उद्या जाणारही आहे. आई मात्र त्याच्याबरोबर आहे. ऋण आहे, दिलेला शब्द आहे, आणि ज्या कामात चित्त आपोआप लागते तो त्याचा स्वभाव आहे. हे सहज होय. नोकरी ही उपाधी आहे. अंगरखा बदलला म्हणजे अंग बदलत नाही, आणि अंगरखा फाटेपर्यंत घातलाच पाहिजे असाही नियम नाही. या वचनाचा आधार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या काही लोकांच्या माथी एकच काम मारले गेले, आणि त्यांनी मान वर केली तर त्यांना हेच वचन ऐकवले गेले. तो दोष गीतेचा नव्हे, आम्हा सांगणाऱ्यांचा आहे.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. आपल्या संप्रदायात काम न सोडता परमार्थ साधलेले पुष्कळ झाले. अरणचे सावता महाराज मळ्यातच राहिले. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, आणि तिथेच नाथांसारखा शिष्य त्यांच्या हाताखाली घडला. अलीकडचे उदाहरण सोनोपंत दांडेकरांचे. जोग महाराजांचे ते शिष्य, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य. तिकडे तत्त्वज्ञान शिकवीत आणि इकडे कीर्तन-प्रवचन करीत, १९६८ साली देह ठेवीपर्यंत वारकऱ्यांचे ‘मामा’ राहिले. यांना कुणाला नोकरीचा किंवा मळ्याचा अडथळा झाला नाही. आपले वारकरीपण तरी काय आहे? वारी म्हणजे जाणे आणि परत येणे. पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला की ज्याने त्याने आपल्या शेताकडे परतायचे असते, पेरणी वाट पाहत असते. पंढरीलाच राहून गेला तो वारकरी नव्हे.

मग सोडावे की राहावे? माझे म्हणणे एवढेच आहे की, चित्ताची वृत्ती आधी सोडवून घ्यावी, पोटाची वृत्ती मग सोडावी किंवा धरावी. जी सोडायची ती नीट करीत असताना सोडावी. नाथांची कथा आपण जाणता. देवगिरीला हिशेबात एका पैची चूक होती, ती शोधण्यात रात्र गेली, आणि सापडली तेव्हा ते आनंदाने टाळी वाजवून हसले. जनार्दनस्वामी म्हणाले की एका पैपायी एवढा आनंद, मग हेच चित्त भगवंताकडे लागले तर केवढा होईल! या कथेत पै क्षुद्र आहे असे आपण सांगतो. पण स्वामींनी हिशेब सोड असे म्हटले नाही, हे आपण विसरतो. ज्याचे चित्त पैमध्ये लागू शकते त्याचेच देवाकडे लागू शकते. कंटाळलेल्या माणसाचे कुठेच लागत नाही, आणि त्या स्थितीत त्याला जी दुसरी वाट सुंदर दिसते तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मी त्या मुलाला म्हटले, “बाळ, कर्ज फिटेपर्यंत ते काम असे कर की तुझ्याइतके चोख कुणी करीत नाही. नवीन आलेल्या पोरांना शिकव. सकाळी घरी आल्यावर रात्री काय केले ते आईला समजेल अशा शब्दांत रोज सांग. कर्ज फिटल्यावर जर चित्त म्हणाले की आता दुसरीकडे, तर रीतसर आधी कळवून, सगळ्यांचा निरोप घेऊन ये. भांडून येऊ नकोस. आणि माझ्यासारखा पुढे वीस वर्षे त्याची गोष्ट सांगत फिरू नकोस.”

“म्हणजे?” त्याने विचारले. तेव्हा मी त्याला काट्याची गोष्ट खरी सांगितली. मनुष्यापाशी ती पहिल्यांदाच सांगत होतो. ऐकून तो काही बोलला नाही. उठताना त्याने माझ्या पाया पडण्याची नेहमीची रीत केली, पण जरा थांबून केली.

पुढच्या कार्तिकीला तो आळंदीस भेटला. नोकरीतच होता. म्हणाला, “आईला समजावून सांगताना माझे मलाच काम समजू लागले.” त्यानंतरच्या वर्षी कर्ज फिटले आणि काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. आता तालुक्याच्या गावी मुलांना संगणक शिकवतो. उत्पन्न निम्म्याहूनही कमी आहे. आईने दोन महिने अबोला धरला होता, तो आता सुटला आहे. बहिणीचे शिक्षण मात्र एक वर्ष लांबले, याचे त्याला वाईट वाटते. ते वाटायलाच हवे. कोणताही निर्णय धुरावाचून होत नाही.

गेल्या आषाढीला पुन्हा दिवे घाटात भेटला. मी विचारले, “आता कंटाळा येत नाही ना?” मला वाटले, नाही म्हणेल.

“येतो की, महाराज,” तो म्हणाला. “दुपारी तीनच्या सुमाराला रोज येतो. पण आता तो आला म्हणून उठून जावेसे वाटत नाही.”

मीही एक काम केले आहे. तुलाधाराचे आख्यान बरीच वर्षे लावले नव्हते. ते गेल्या वर्षी एका सप्ताहात लावले, त्याच पंचक्रोशीत जिथे तो काटा होता. यादी, साहेबांचे ते बोल आणि माझा राजीनामा, सारे होते तसे सांगितले. लोकांनी माना डोलवल्या नाहीत, कुणी डोळे पुसले नाहीत. मंडप शांत होता. तो म्हातारा शेतकरी आता असण्याचा संभव नाही. पण पुढे बसलेल्यांत त्याचा मुलगा-नातू कुणी असेल, तर बापाचे देणे मी सदतीस वर्षांनी निदान तोंडाने कबूल केले, एवढे त्याच्या कानावर गेले असेल.

असो. वाचकांमध्ये कुणी आज राजीनामा खिशात घेऊन बसला असेल तर त्याने तो फाडावा असे मी म्हणत नाही. एक एकादशी जाऊ द्यावी. त्या दिवशी हरिपाठ झाल्यावर, कुणी पाहत नसताना, वरचे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तर खरे आले तर राहणाऱ्याचेही कल्याण आहे आणि जाणाऱ्याचेही. या लेखात जे उणे-अधिक झाले असेल ते संतजनांनी पोटात घालावे.

रामकृष्णहरि.